हायवेचं मीठ तुमच्या तळ्यात किती उतरलंय: मोजायचं कसं आणि कमी करायचं कसं

हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. मार्च संपत आला की रस्त्याकडेची त्याची पांढरी पुटं धुवून जातात, मिठाची पोती गॅरेजच्या कोपऱ्यात सरकतात आणि पुढच्या डिसेंबरपर्यंत मीठ हा विषय डोक्यातून जातो. माझ्याही जायचा. मग एका ऑगस्टमध्ये सहज म्हणून आमच्या तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यात खारेपणा मोजणारा मीटर बुडवला आणि आकडा बघून परत बुडवला, कारण चार महिने मिठाचा एक खडा पडलेला नव्हता आणि तरी पाणी जवळपास फेब्रुवारीइतकंच खारं होतं. रस्त्यावरचं मीठ विरघळून नुसतं वाहून जात नाही, त्यातलं बरंचसं जमिनीत मुरतं आणि भूजलातून सावकाश, वर्षानुवर्षं, तळ्याकडे येत राहतं, हे मला त्या दिवशी कळलं. अमेरिकेतल्या मिनियापोलिस आणि सेंट पॉल भागात मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी याचा हिशोब मांडला तेव्हा टाकलेल्या मिठातलं साधारण ७०% मीठ त्याच भागातल्या तळ्यांत, पाणथळीत आणि भूजलात अडकून राहतं असं निघालं होतं.

हा लेख त्यांच्यासाठी आहे जे बर्फाच्या प्रदेशात राहतात, ज्यांच्या जवळ एखादं तळं आहे आणि त्या तळ्याच्या वरच्या अंगाला मोठा रस्ता जातो. केमिस्ट्रीची डिग्री लागत नाही, एक मीटर, थोड्या पट्ट्या, बाटल्या आणि दोन-तीन वर्षं चिकाटी एवढं पुरतं.

आधी एक फरक डोक्यात पक्का बसवा

हायवेवरून जे पाणी येतं त्यात दोन जातीची घाण असते. एक जात मातीच्या कणांना चिकटून येते: ब्रेक पॅडमधलं तांबं, टायरमधलं आणि गार्डरेलवरच्या मुलाम्यातलं जस्त, तेल, डांबरातली कर्बी रसायनं, फॉस्फरस, आणि नुसता गाळ. ही घाण अडवता येते, गवताच्या पट्ट्यात, मातीत, गाळाच्या तळ्यात ती बऱ्यापैकी बसते. दुसरी जात म्हणजे विरघळलेलं क्लोराइड. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, वजनाने ३९% सोडियम आणि ६१% क्लोराइड, आणि हे क्लोराइड मातीला चिकटत नाही, झाडं ते फारसं घेत नाहीत, जिवाणू खात नाहीत, उन्हाने उडत नाही. पाण्यातून ते परत काढायचं तर रिव्हर्स ऑस्मोसिससारखी यंत्रणा लागते आणि ती अख्ख्या तळ्याला कोण लावणार. म्हणून रेन गार्डन (पावसाचं पाणी मुरवणारी खोलगट बाग) केलं, पाँड खोदला, प्रश्न सुटला असं मिठाच्या बाबतीत होत नाही. रेन गार्डन मीठ भूजलात ढकलतं, पाँड ते तळाशी साठवून ठेवतो आणि पुढच्या मोठ्या पावसात सोडतो. क्लोराइडवर एकच उपाय चालतो, मुळात कमी टाकणं, आणि खालच्या सगळ्या पायऱ्या शेवटी तिथेच येऊन पोचतात.

पायरी १: पाणलोटाचा नकाशा

तळ्यात पाणी कुठून कुठून येतं ते पायी फिरून बघा. नेटवर उंचीचे नकाशे मिळतात, ते प्रिंट करून घ्या, पण खरी माहिती रस्त्याच्या कडेने चालल्यावरच कळते. रस्त्याखालची प्रत्येक मोरी, स्टॉर्म ड्रेनचं (पावसाचं पाणी नेणाऱ्या गटाराचं) प्रत्येक तोंड, पार्किंग लॉटमधून निघणारा प्रत्येक पाट नकाशावर मारा. मिठाचे ढीग जिथे ठेवतात ती शेड कुठे आहे, तिला छत आहे का, खाली पक्की फरशी आहे का, आणि हिवाळ्यात प्लाऊवाले (रस्त्यावरचा बर्फ ढकलणाऱ्या गाड्या चालवणारे) बर्फाचे डोंगर कुठे ढकलतात तेही लिहा, कारण त्या ढिगातलं मीठ एप्रिलमध्ये एका झटक्यात खाली येतं.

रस्ता तळ्यापासून जरा लांब आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. २०१७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या हिलरी डुगन आणि सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतल्या ३७१ तळ्यांच्या जुन्या नोंदी तपासल्या. त्यातल्या ईशान्य आणि मध्य-पश्चिमेकडच्या तळ्यांपैकी ४४% तळ्यांत क्लोराइड वर्षागणिक चढत होतं, आणि तळ्याभोवतीच्या ५०० मीटरच्या पट्ट्यात रस्ते, छपरं, पार्किंग असली पक्की जमीन १% च्या वर गेली की धोका वाढतो असं दिसलं. १% म्हणजे काहीच नाही हो, एक रस्ता आणि चार ड्राइव्हवे झाले की आलंच ते.

पायरी २: सामान

सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे कंडक्टिव्हिटी मीटर, पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजणारा. मीठ वाढलं की आकडा वाढतो. घेताना तो तापमानाची दुरुस्ती आपोआप करून २५ अंशाचा आकडा देतो ना एवढं नक्की बघा, कारण दर अंशामागे साधारण २% फरक पडतो आणि बर्फाखालचं पाणी जवळजवळ शून्यावर असतं, म्हणजे दुरुस्ती नसेल तर हिवाळ्यातलं रीडिंग अर्ध्याच्या आसपास दिसेल आणि तुम्ही खूश होऊन घरी जाल. टीडीएस म्हणून मिळणारे पेन आतून तेच मोजतात आणि मग एका ठरावीक गुणाकाराने आकडा बदलून दाखवतात, त्यापेक्षा सरळ मायक्रोसीमेन्स (कंडक्टिव्हिटीचं माप) दाखवणारा घ्या. सोबत १४१३ मायक्रोसीमेन्सचं कॅलिब्रेशनचं द्रावण घ्या आणि दर फेरीच्या आधी मीटर त्यात तपासा.

दुसरं, क्लोराइडच्या पट्ट्या. लो रेंजची पट्टी साधारण ३० ते ६०० मिलिग्रॅम प्रति लिटर एवढं दाखवते (पुढे मी नुसतं मिग्रॅ लिहितोय, ते लिटरमागे समजा). कपात बोटभर पाणी घ्यायचं, पट्टी उभी ठेवायची, पाणी केशाकर्षणाने वर चढतं, मधे पांढरं टोक तयार होतं, आणि वरची पिवळी रेघ काळपट झाली की त्या पांढऱ्या टोकाजवळचा आकडा वाचायचा. डब्यावरच्या तक्त्यात तो आकडा क्लोराइडमध्ये बदलून मिळतो, आणि तक्ता प्रत्येक बॅचचा वेगळा असतो, जुन्या डब्याचा तक्ता नव्याला लावू नका, मी एक अख्खा हिवाळा तसं केलंय आणि ते सगळे आकडे नंतर टाकून द्यावे लागले. अमेरिकेत इझाक वॉल्टन लीग ही संस्था सॉल्ट वॉच नावाच्या उपक्रमातून लोकांना अशा पट्ट्यांचं किट फुकट पाठवते.

बाकी झाकणाच्या स्वच्छ बाटल्या, पर्मनंट मार्कर, लांब दांडा, खोलीवरचं पाणी काढायला वजन बांधलेली आणि दोरीने बूच ओढता येईल अशी बाटली. जमलं तर विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा मीटर कुणाकडून तरी उसना आणा, लेक असोसिएशनकडे किंवा जवळच्या कॉलेजात बहुतेक असतो.

पायरी ३: कुठे आणि कधी मोजायचं

उन्हाळ्यात एकदा काठावरून बाटली भरून लॅबला पाठवतात आणि आकडा बरा आला की वर्षभर निवांत होतात, हे मी फार बघितलंय. काठावरचं वरचं पाणी हे तळ्यातलं सगळ्यात गोड पाणी असतं. खारं पाणी जड, ते ओढ्यातून आत शिरलं की तळ धरून घरंगळत सगळ्यात खोल खड्ड्यात जाऊन बसतं. त्यामुळे सगळ्यात खोल जागी, वरचं एक आणि तळापासून अर्धा-एक मीटर वरचं एक, असे दोन नमुने घेतल्याशिवाय तळ्याची तब्येत कळत नाही. त्याशिवाय आत येणारा प्रत्येक ओढा आणि मोरी, बाहेर जाणारा प्रवाह, आणि शक्य असेल तर रस्त्याच्या वरच्या अंगाचा, मीठ न लागलेला एक ओढा. हा शेवटचा फार महत्त्वाचा आहे, तुमच्या भागातलं निसर्गतः पाणी किती आकडा दाखवतं ते त्याच्यावरून कळतं, आणि चुनखडीच्या प्रदेशात तो आकडा मिठाशिवायही मोठा असतो.

वेळा मी अशा ठेवतो. पहिलं मीठ पडायच्या आधी, साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला, एक फेरी. मग हिवाळ्यात जेव्हा जेव्हा तापमान शून्याच्या वर जाऊन बर्फ वितळतो तेव्हा मोऱ्यांवर धावायचं, पहिल्या एक-दोन तासांत जे पाणी येतं ते सगळ्यात वाईट असतं आणि तो मोका गेला की गेला. फेब्रुवारीच्या शेवटी तळ्यावर, बर्फाखाली. बर्फ सुटल्यावर आठ-दहा दिवसांत परत, आणि ही फेरी चुकवायची नाही, कारण ती पायरी ५ साठी लागते. मग ऑगस्ट-सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत ओढ्यांवर, तेव्हा ओढ्यात फक्त भूजल असतं म्हणून जमिनीत किती मीठ मुरलंय ते तिथे उघडं पडतं.

बर्फावर जाताना एकटं जाऊ नका. चालायला निदान १० सेंटिमीटर स्वच्छ, निळसर, कडक बर्फ हवा, पांढरा दुधी बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट, आणि मोरीच्या तोंडासमोर तर अजिबातच जायचं नाही, तिथे वाहतं खारं पाणी येत असतं आणि वरून सारखा दिसणारा बर्फ तिथे पातळ असतो.

पट्टी प्रत्येक वेळी वापरायची गरज नाही. एका फेरीत दहा-बारा ठिकाणी मीटर आणि पट्टी दोन्ही वापरा, दोन्ही आकडे आलेखावर मांडा, तुमच्या तळ्याची स्वतःची रेघ मिळेल. ती मिळेपर्यंत अंदाजाला एक आकडा: निसर्गतः जेवढी कंडक्टिव्हिटी आहे तिच्या वर दर १०० मायक्रोसीमेन्समागे साधारण ३० मिग्रॅ क्लोराइड धरा. म्हणजे वरचा ओढा १२० दाखवतोय आणि रस्त्याखालचा ७२०, तर फरक ६००, म्हणजे साधारण १८० मिग्रॅ क्लोराइड रस्त्याकडून आलंय.

पायरी ४: आकड्याचा अर्थ

न्यू यॉर्क राज्यातल्या ॲडिरॉनडॅक डोंगरांत ज्या तळ्यांच्या पाणलोटात डांबरी रस्ताच नाही तिथे क्लोराइड १ मिग्रॅपेक्षाही कमी असतं. हे लक्षात ठेवा, म्हणजे ४० मिग्रॅ आलं तर "लिमिटच्या खूप खाली आहे" म्हणून कुणी समजूत घालेल तेव्हा बोलता येईल.

लिमिट म्हणजे काय तर अमेरिकेच्या ईपीएने (पर्यावरण संरक्षण संस्थेने) १९८८ मध्ये जलचरांसाठी सांगितलेले दोन आकडे, सतत राहिलं तर २३० मिग्रॅ आणि तासाभराच्या झटक्याला ८६० मिग्रॅ. कॅनडाने २०११ मध्ये ते १२० आणि ६४० असे ठेवले. पिण्याच्या पाण्यात २५० मिग्रॅच्या आसपास चव खारट लागायला लागते. आणि सोडियमचा वेगळा विचार करावा लागतो, रक्तदाबामुळे ज्यांना मीठ फारच जपून खायला सांगितलंय त्यांच्यासाठी ईपीएचा सल्ल्याचा आकडा फक्त २० मिग्रॅ सोडियम आहे, त्यामुळे रस्त्याजवळ विहीर असेल तर तिचं पाणी लॅबमधून सोडियमसाठी वेगळं तपासून घ्याच.

पण हे आकडे म्हणजे सुरक्षिततेची रेघ असं मी मानत नाही. २०२२ मध्ये अमेरिका, कॅनडा, स्वीडन, स्पेन अशा देशांतल्या १६ ठिकाणी एकाच पद्धतीने प्रयोग झाले, तलावाच्या पाण्याचे मोठे टब भरून त्यात मीठ वाढवत नेलं, आणि जवळपास तीन चतुर्थांश ठिकाणी क्लोराइड सरकारी मर्यादेला पोचलं नव्हतं किंवा नुकतंच पोचलं होतं तेव्हाच पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांची एखादी तरी मोठी जात निम्म्याहून जास्त घटलेली होती. डॅफ्नियासारखे हे डोळ्याला टिंबाएवढे दिसणारे जीव शेवाळ खातात, ते गेले की शेवाळ मोकाट सुटतं. तळं हिरवं झालं की लोक खताला दोष देतात, आणि तो बरोबरही असतो, पण शेवाळ खाणारे कुठे गेले हे कुणी विचारत नाही.

आकडा चढा आला म्हणून लगेच हायवेकडे बोट दाखवू नका, कारण घरातल्या वॉटर सॉफ्टनरमधूनही (जड पाणी मिठाच्या मदतीने मऊ करणारं यंत्र) हेच मीठ सेप्टिक टँकवाटे भूजलात जातं. फरक ओळखायचा तो वेळेवरून: हिवाळ्यात वितळणाऱ्या पाण्याबरोबर झटके येत असतील तर रस्ता, वर्षभर एकसारखा सपाट चढा आकडा असेल तर सॉफ्टनर किंवा जमिनीत आधीच मुरलेलं जुनं मीठ. बऱ्याच ठिकाणी दोन्ही असतं. सॉफ्टनर असेल तर तो ठरावीक दिवसांनी रिजनरेट होणारा (म्हणजे मिठाच्या पाण्याने स्वतःला धुवून घेणारा) आहे की पाणी वापरलं त्या हिशोबाने होणारा, ते बघा, पहिल्या प्रकारात मीठ फुकट जातं.

पायरी ५: तळं उलटतंय का ते बघा

थंड प्रदेशातलं खोल तळं वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, वरपासून खालपर्यंत ढवळून निघतं. पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं, बर्फ सुटल्यावर वरचं पाणी तापत तापत ४ अंशाला आलं की वरच्या-खालच्या पाण्याची घनता सारखी होते आणि नुसता वारा अख्खं तळं ढवळू शकतो. तळाला वर्षभराचा ऑक्सिजन मिळतो तो या ढवळण्यातून.

आता आकडे बघा. शून्य अंशाच्या आणि ४ अंशाच्या पाण्याच्या घनतेत घनमीटरमागे जेमतेम १३० ग्रॅमचा फरक असतो. आणि लिटरमागे साधारण १६० मिग्रॅ मीठ, म्हणजे १०० मिग्रॅ क्लोराइड, पाण्याला तेवढंच जड करतं. म्हणजे तळाच्या पाण्यात वरच्यापेक्षा १०० मिग्रॅ क्लोराइड जास्त असेल तर तापमान सारखं होऊनही तळ जागचा हलायला तयार नसतो, वाऱ्याला वाढीव जोर लावावा लागतो, आणि तळं लहान, खोल, झाडांच्या आडोशाला असेल तर तेवढा वारा येतच नाही. मग ऊन वाढतं, वरचं पाणी आणखी हलकं होतं आणि वसंताची संधी निघून जाते.

हे कागदावरचं नाही. न्यू यॉर्क राज्यात रॉचेस्टरजवळ इरॉन्डक्वॉइट बे नावाची खाडी आहे, १९७० च्या वसंतात ती मिठामुळे पूर्ण मिसळली नाही हे १९७१ मध्येच छापून आलं होतं. पुढे त्या पाणलोटात मिठाचा वापर कमी केला आणि मिसळणं सुधारलं. लेक प्लॅसिड गावातल्या मिरर लेकचंही असंच, गावाचं स्टॉर्म ड्रेनचं पाणी थेट तळ्यात, तळाशी मीठ साठलेलं, वसंतात ढवळणं बंद, लेक ट्राउट माशांना लागणारं थंड आणि ऑक्सिजनवालं पाणी आक्रसलेलं. तिथेही मीठ कमी केल्यावर तळं पुन्हा ढवळायला लागलं. मला या दोन गोष्टींनी फार धीर दिला, कारण मिठाबद्दल जेवढं वाचाल तेवढं सगळं हातातून गेल्यासारखं वाटतं.

तपासायची पद्धत सोपी आहे. बर्फ सुटल्यावरच्या फेरीत खोल जागी दर मीटरला तापमान आणि कंडक्टिव्हिटी घ्या. वरपासून खालपर्यंत आकडे जवळपास सारखे असतील तर तळं ढवळलंय. खालच्या दोन-तीन मीटरमध्ये कंडक्टिव्हिटी एकदम उडी मारत असेल तर आठवड्याने परत जा, मग परत, आणि उडी तशीच राहिली आणि वरचं पाणी १० अंशाच्या पुढे गेलं तर त्या वर्षी तळ ढवळला नाही असं लिहून ठेवा. मग उन्हाळ्यात तळाचा ऑक्सिजन मोजाच. ऑक्सिजन संपला की गाळातल्या लोखंडाने धरून ठेवलेला फॉस्फरस सुटतो, तो वर आला की शेवाळाला खत.

पायरी ६: तुमच्या तळ्याचा मिठाचा हिशोब

लोकांसमोर बोलायला एक आकडा हवा असतो, तो असा काढा.

मोठं माप आधी: एक टन मिठात ६०७ किलो क्लोराइड, आणि ते साधारण २,६४० घनमीटर शुद्ध पाणी थेट २३० मिग्रॅवर नेतं. ऑलिंपिकचा स्विमिंग पूल २,५०० घनमीटरचा असतो. एक टन, एक पूल. घरातलं माप सांगायचं तर एक चमचा मीठ, ६ ग्रॅम, एक बादली.

आता तळं. समजा पाणलोट १०० हेक्टर आहे आणि वर्षभरात पाऊस-बर्फातून बाष्पीभवन वजा जाऊन अर्धा मीटर पाणी वाहून येतं, म्हणजे वर्षाला ५ लाख घनमीटर. तळ्यात १० लाख घनमीटर पाणी मावतं, म्हणजे पाणी बदलायला सरासरी २ वर्षं. पाणलोटातल्या रस्त्यांवर आणि पार्किंगवर वर्षाला १०० टन मीठ पडतं, म्हणजे ६०.७ टन क्लोराइड. त्याला ५ लाख घनमीटरने भागा, १२१ मिग्रॅ आलं. हेच चालू ठेवलं तर तळं शेवटी इथे येऊन थांबेल, आज मीटर ५० दाखवत असला तरी. मला हा आकडा मोजलेल्या आकड्यापेक्षाही जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण आजचं रीडिंग सांगतं तळं कुठे आहे आणि भागाकार सांगतो ते कुठे चाललंय.

मीठ निम्मं केलं तर शेवटचा आकडाही निम्मा, ६१. किती वर्षांत? पाणी बदलायला लागणाऱ्या काळाएवढ्या वेळात, इथे २ वर्षांत, ६३% फरक पडतो आणि तिप्पट काळात, ६ वर्षांत, ९५%. त्यात भूजलातलं जुनं मीठ यायचं असतं ते वेगळं, म्हणून मीटिंगमध्ये "पुढच्या वर्षी दिसेल" असं वचन देऊ नका. रस्त्यावर किती मीठ पडतं हा आकडा हायवे विभागाकडे लेन-मैलाच्या हिशोबात (एका लेनच्या एका मैलामागे किती) असतो, मागितला की मिळतो. पार्किंग लॉटचा मात्र कुणाकडेच नसतो आणि तिथेच सगळ्यात जास्त उधळण चालते.

पायरी ७: कमी कसं करायचं

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट बोला, मीटिंगमध्ये पण बोला: मिठामुळे अपघात कमी होतात, जीव वाचतात, आणि कुणीही रस्ते निसरडे ठेवा म्हणत नाहीये. प्रश्न आहे तो गरजेपेक्षा जास्त पडणाऱ्या मिठाचा, आणि ते फार असतं.

घरी: आधी फावडं मारा, बर्फ काढून झाल्यावर जिथे गुळगुळीत थर राहिला तिथेच मीठ. कॉफीचा एक मोठा मग, साधारण ३५० मिली, २० फुटी ड्राइव्हवेला पुरतो. दोन खड्यांमध्ये ७-८ सेंटिमीटर अंतर दिसलं पाहिजे. बर्फ वितळल्यावर कोरड्या फरशीवर जे खडे उरतात ते झाडून परत डब्यात भरा, ते काम संपल्यावर उरलेलं मीठ आहे आणि पुढच्या सरीत ते तळ्यातच जाणार. आणि तापमान बघा, हवेचं नाही, जमिनीचं. जमीन उणे ९ अंशाच्या खाली गेली की साधं मीठ इतकं हळू काम करतं की टाकून उपयोग नाही, लोक मग "काम करत नाहीये" म्हणून आणखी ओततात. त्या दिवशी वाळू टाका, आणि वाळूही नंतर झाडून घ्या नाहीतर ती गाळ होऊन तळ्यात.

पोत्यावर "इको" किंवा "पेट सेफ" लिहिलेलं बघून घेऊ नका, मागचं वाचा. कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड जास्त थंडीत चालतात हे खरं, म्हणून थोडं लागतं हेही खरं, पण क्लोराइड ते क्लोराइडच. ॲसिटेटमध्ये क्लोराइड नसतं, पण ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. बीटचा रस मिसळलेल्या द्रावणातून फॉस्फरस आणि साखर येते. युरिया म्हणजे सरळ नायट्रोजनचं खत. बिनत्रासाचा पर्याय मला अजून मिळालेला नाही, थोडं आणि योग्य वेळी टाकणं एवढाच मार्ग दिसतो.

गाव आणि हायवे विभाग: त्यांच्याकडे हिवाळ्यात जाऊ नका, माणसं रात्ररात्र प्लाऊ चालवत असतात आणि तेव्हा तक्रार घेऊन जाणं बरोबर नाही. मे-जूनमध्ये जा, मिठाची ऑर्डर ठरायच्या आधी. बरोबर तुमचा आलेख न्या आणि प्रश्न विचारा. स्प्रेडर (ट्रकवरची मीठ पसरायची यंत्रं) दर वर्षी कॅलिब्रेट होतात का? ट्रकवर जमिनीचं तापमान मोजणारा सेन्सर आहे का? वादळाच्या आधी २३% चं मिठाचं पाणी फवारतात का? हे फवारणं फार कामाचं असतं, बर्फ डांबराला चिकटायच्या आधीच मधे खाऱ्या पाण्याचा थर राहतो, मग प्लाऊने तो सहज निघतो आणि चिकटलेला बर्फ नंतर सोडवायला जेवढं मीठ लागतं त्याच्या काही भागातच काम होतं. कोरडे खडे टाकले तर बरेचसे गाड्यांच्या चाकांनी उडून कडेला जातात, त्यापेक्षा ओले करून टाकलेले रस्त्यावर टिकतात. मिठाच्या शेडला छत आणि पक्की फरशी ही मागणी पहिल्यांदा करा, ती सगळ्यांना पटते आणि तिच्यात सुरक्षेचा वादच येत नाही.

पार्किंगचे कंत्राटदार वेगळ्या दबावाखाली असतात. कुणी घसरून पडलं तर केस त्यांच्यावर, म्हणून ते जमीन पांढरी होईपर्यंत टाकतात, आणि बऱ्याचदा पैसे टनावर मिळतात म्हणजे जास्त टाकलं तर जास्त बिल. म्हणून सोसायटीचं किंवा ऑफिसचं कंत्राट तुमच्या हातात असेल तर टनावर न करता सीझनवर करा. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्याने यावर कायदाच केला, ट्रेनिंग घेऊन सर्टिफिकेट मिळवलेल्या आणि नोंदी ठेवणाऱ्या कंत्राटदाराला अशा केसेसपासून संरक्षण मिळतं. विशेष म्हणजे अमेरिकेत रस्त्यावर मीठ टाकायची सुरुवात करणारं राज्यही तेच, १९३८ सालचं. मिनेसोटात स्मार्ट सॉल्टिंग नावाचं सर्टिफिकेट ट्रेनिंग आहे, कॅनडात २००४ पासून रस्त्यांच्या मिठासाठी केंद्र सरकारची आचारसंहिता आहे. तुमच्याकडे काही नसेल तर यातलं एखादं उदाहरण छापून न्या, कोरी मागणी करण्यापेक्षा दुसरीकडे चालू असलेली गोष्ट दाखवली की बोलणं पुढे सरकतं.

पायरी ८: हायवेची बाकीची घाण

ही अडवता येते म्हणून सोडू नका. मोरीचं पाणी थेट तळ्यात पडत असेल तर मधे गवताचा रुंद चर किंवा माती-कंपोस्टचा गाळणीसारखा थर मागा. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर पावसाळ्यात कोहो सॅमन मासे ओढ्यांत अचानक तडफडून मरायचे, कारण कित्येक वर्षं सापडत नव्हतं, डिसेंबर २०२० मध्ये संशोधकांनी दाखवलं की टायरमधल्या एका रसायनाची ओझोनशी प्रक्रिया होऊन ६पीपीडी-क्विनोन नावाचं विष बनतं आणि ते रस्त्याच्या पाण्याबरोबर ओढ्यात जातं. त्याच भागातल्या प्रयोगांत रस्त्याचं पाणी मातीच्या थरातून गाळून घेतलं की मासे वाचतात हेही दिसलेलं आहे.

फक्त जागा निवडताना मिठाचा विचार करा. खारं पाणी मातीतून गेलं की सोडियम मातीला धरून बसलेल्या कॅल्शियमची, जस्ताची, इतर धातूंची जागा घेतं आणि ते धातू सुटून पाण्याबरोबर पुढे जातात, म्हणजे उन्हाळाभर गाळणीने जे धरलं ते मार्चच्या खाऱ्या लोंढ्यात थोडं थोडं परत सुटतं. म्हणून विहिरींच्या वरच्या अंगाला, जास्त मीठ पडणाऱ्या उतारावर, पाणी मुरवणारा खड्डा करू नका, आणि गाळण्यांतला गाळ दर वर्षी हिवाळ्याच्या आधी काढून घ्या.

नोंदवही

प्रत्येक रीडिंगला तारीख, वेळ, जागेचा नंबर, खोली, पाण्याचं तापमान, कंडक्टिव्हिटी, पट्टीचा आकडा असेल तर पट्टीचा बॅच नंबर, गेल्या तीन दिवसांतलं हवामान, आणि कोणी मोजलं. एक कॉपी कागदावर, एक शीटमध्ये. वर्षातून दोनदा दोन बाटल्या सर्टिफाइड लॅबला पाठवा आणि त्याच पाण्याचं स्वतःचं रीडिंग शेजारी लिहा, म्हणजे मीटिंगमध्ये "तुमचा मीटर बरोबर कशावरून" असं कुणी विचारलं तर तो कागद पुढे ठेवता येतो. पहिल्या वर्षी आलेखात काही दिसणार नाही, पावसाच्या कमी-जास्तीनेच आकडे वरखाली होतील. तिसऱ्या हिवाळ्यानंतर रेघ दिसायला लागते. नोव्हेंबरमध्ये पहिलं मीठ पडायच्या आधीची पहिली फेरी आत्ताच कॅलेंडरवर टाकून ठेवा.